दारा शिकोह : खिताब मिळाला, तख्त नाही मिळालं

गादीच्या वारसाला आपण उर्दूत ‘वली अहद’ म्हणतो. खुलफा-ए-राशिदीननंतर हुकूमत घराण्यात चालू लागली, तेव्हापासूनचा हा शब्द. पण मुघलांकडे थोरल्या मुलालाच तख्त, असा कायदा कधीच नव्हता. बादशहा ज्या शहजाद्याला मोठा खिताब द्यायचा, त्यावरून दरबाराने काय ते समजायचं.

१६१७ साली दक्षिणेच्या मोहिमेनंतर जहांगीरने आपला मुलगा खुर्रम याला ‘शाहजहान’ हा खिताब दिला. पुढे पाच वर्षांत बापलेकाचं फाटलं, मुलाने बंड केलं. मग त्याच जहांगीरने त्याला ‘बेदौलत’, म्हणजे करंटा, म्हणायला सुरुवात केली. १६२६ मध्ये तह झाला, तेव्हा शाहजहानला आपली दोन मुलं आजोबांकडे ओलीस ठेवावी लागली. थोरला दारा अकरा वर्षांचा, धाकटा औरंगजेब सात वर्षांचा. बापाच्या बंडाची किंमत दोघा भावांनी एकत्र भोगली.

दाराचा जन्म १६१५ चा, अजमेरचा. आई मुमताज महल. १६३३ मध्ये नादिरा बानूशी त्याचा निकाह झाला. लढाईपेक्षा त्याला किताबांची आणि बुजुर्गांच्या सोहबतीची ओढ जास्त. कादरी सिलसिल्यातले लाहोरचे मियाँ मीर आणि मुल्ला शाह यांच्यावर त्याची अकीदत होती. ‘सफीनतुल औलिया’ आणि ‘सकीनतुल औलिया’ या किताबांत त्याने वलींचे हालात लिहिले. १६५७ मध्ये पंडितांच्या मदतीने उपनिषदांचा फारसी तर्जुमा केला, त्याचं नाव ‘सिर्र-ए-अकबर’. त्याच्या अशा लिखाणावर उलेमांपैकी काहींची नाराजीही होती.

शाहजहानने दाराला जपलं, पण जवळ बांधूनच ठेवलं. शुजा बंगालमध्ये, औरंगजेब दक्षिणेत उन्हातान्हात कारभार शिकत होते. दाराचे सुभे मात्र त्याचे नायब सांभाळायचे, तो दरबारातच. १६५३ मध्ये कंदाहारवर गेला, तिथूनही हात हलवत परतला. तरी १६५५ मध्ये बापाने त्याला ‘शाह-ए-बुलंद इक्बाल’ हा खिताब दिला आणि तख्ताजवळ सोन्याच्या कुर्सीवर बसवलं. बाकी भावांच्या मनसबी त्याच्या कितीतरी मागे होत्या. त्या कुर्सीने दाराची ताकद वाढली नाही, भावांच्या मनातली गाठ मात्र घट्ट झाली.

सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहान आजारी पडला आणि चारही भाऊ उठले. मे १६५८ मध्ये आग्र्याजवळ सामूगढला दारा हरला. पंजाब, सिंध, गुजरात असं पळत राहिला. अजमेरजवळ देवराईला पुन्हा हरला, त्याच मातीत जिथे तो जन्मला होता. बोलन खिंडीच्या वाटेवर नादिरा बानू वारली. तिची मय्यत त्याने लाहोरला, मियाँ मीर यांच्या दर्ग्याजवळ दफनासाठी पाठवली, सोबतचे भरवशाचे लोकही तिच्याबरोबर दिले. मग ज्या मलिक जीवनची जान त्याने पूर्वी वाचवली होती, त्यानेच त्याला पकडून दिलं. ऑगस्ट १६५९ मध्ये दिल्लीत त्याला मारण्यात आलं. हुमायूनच्या मकबऱ्यात तो दफन आहे.

आज एक गट दाराला फरिश्ता करतो, दुसरा गुमराह ठरवतो. दोघंही त्याच्या बापाकडे पाहत नाहीत. औलादीला देताना बरोबरी ठेवा, ही आपल्या नबी (सल्ल.) यांची तालीम. शाहजहानने एकाला कुर्सी दिली, बाकीच्यांना फक्त हुकूम दिले. पुढे औरंगजेबाचाही मुलगा अकबर बापाविरुद्ध उठला आणि १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला.

आपल्या घरांत तख्त नाही. पण दोन खोल्यांचं घर, एक दुकान, थोडी जमीन असते. कुणा एकाला आपण मनातल्या मनात वली अहद करून टाकतो, आणि बाकीची मुलं ते पाहत असतात. वाटणी शरियतप्रमाणे होईलच. पण जिवंतपणी वागणंही बरोबरीचं असेल, तर भावांना कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही.