मास्टर भगवान : स्टंटपट ते ‘अलबेला’

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ साली अमरावती येथे झाला. वडील गिरणीकामगार असल्याने मुंबईच्या श्रमिक वस्तीचे संस्कार त्यांच्यावर झाले. मूकपटांतून अभिनयास प्रारंभ करून १९३८ मध्ये ‘बहादुर किसान’द्वारे ते सहदिग्दर्शक झाले. पुढील दशकभर त्यांनी अल्प खर्चाचे स्टंटपट काढले. त्यांचा प्रेक्षक प्रामुख्याने कामगारवर्ग होता. १९४२ च्या ‘सुखी जीवन’मधून सी. रामचंद्र यांना त्यांनी हिंदी चित्रपटाचे दार उघडून दिले. पुढे चेंबूरला जागृती स्टुडिओ उभारला. राज कपूर यांच्या सूचनेवरून सामाजिक कथानकाकडे वळून त्यांनी १९५१ मध्ये ‘अलबेला’ निर्माण केला. स्थूल देहाचा, सहज पावले टाकणारा हा नायक सामान्य प्रेक्षकास आपल्यातलाच वाटला. ‘झमेला’ (१९५३) व ‘लाबेला’ (१९६६) यांना तसे यश लाभले नाही. बंगला, मोटारी गेल्या; छोट्या भूमिकांवर उपजीविका आली. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

‘प्रभात’च्या परंपरेचा साक्षेपाने अभ्यास करणाऱ्या समीक्षेने स्टंटपट दुय्यम मानला. तथापि ‘अलबेला’ची लय त्याच शाळेत घडली, हे ध्यानी घेतल्याविना भगवान यांचे मूल्यमापन अपुरेच राहील.