बॉबी जोन्सचे ७५

आमच्या तुकडीत गोल्फ खेळणारे आम्ही चौघेच. माझा हँडिकॅप ६ आहे. त्यामुळे पार ७२ च्या मैदानावर माझे दर वेळी ७८ व्हायलाच हवेत, असे मी धरून चाललो होतो. ८४ झाले की मेसमध्ये मी कोणाशी धड बोलत नसे. सुटीत बाबांनी मला बॉबी जोन्सबद्दल वाचायला लावले. ते का, हे मला नंतर कळले.

जोन्सचा जन्म १७ मार्च १९०२ चा, अमेरिकेतील अटलांटाचा. लहानपणी तो ईस्ट लेक क्लबचे प्रशिक्षक स्टुअर्ट मेडन यांचा स्विंग बघून बघून शिकला. अकरा वर्षांचा असताना त्याने तिथे हॅरी व्हार्डनला खेळताना पाहिले. चौदाव्या वर्षी, म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान असताना, तो राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरला.

पण पुढची सात वर्षे त्याला एकही मोठी स्पर्धा जिंकता आली नाही. फटके कोणापेक्षाही कमी नव्हते, राग मात्र फार होता. चेंडू मनासारखा गेला नाही की क्लब हवेत उडायचा. १९२१ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज येथे ओपन स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलना त्याला ४६ फटके लागले. अकराव्या होलवर तो बंकरमध्ये अडकला, चेंडू उचलला आणि स्पर्धा सोडली. त्याच वर्षी अमेरिकेत त्याने फेकलेला क्लब उसळून एका बाईंच्या पायाला लागला आणि गोल्फ संघटनेने त्याला सक्त ताकीद दिली. हे वाचताना मला जरा बरे वाटले, खोटे कशाला सांगू!

त्यानंतर तो बदलला. समोरच्या खेळाडूशी नव्हे, तर मैदानाच्या पारशी खेळायचे आणि एखादा होल बिघडला तर बिघडला म्हणून पुढे जायचे, हे त्याने हळूहळू अंगी बाणवले. १९२३ मध्ये तो यूएस ओपन जिंकला आणि १९३० पर्यंतच्या आठ वर्षांत त्याने एकूण १३ मोठ्या स्पर्धा जिंकल्या. या सगळ्या त्याने हौशी म्हणून खेळल्या, बक्षिसाचा एक डॉलर न घेता. मधल्या काळात इंजिनिअरिंग, इंग्रजी साहित्य आणि कायदा असा अभ्यासही चालूच होता.

मला खरी गंमत त्याच्या आकड्यांत वाटली. १९२९ च्या यूएस ओपनमध्ये शेवटच्या फेरीत त्याने दोन होलवर सात-सात फटके घेतले आणि ७९ वर संपवले. बरोबरी झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या ३६ होलच्या लढतीत तो २३ फटक्यांनी जिंकला. १९३० मध्ये त्याने एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्या वर्षी हॉयलेकच्या ओपनमध्ये आठव्या होलवर दोन फटक्यांत ग्रीनच्या जवळ पोचून तिथून पुढे त्याला आणखी पाच लागले. ती शेवटची फेरी ७५ ची झाली. महिनाभरात इंटरलॅकन येथे यूएस ओपनमध्ये त्याच्या फेऱ्या होत्या ७१, ७३, ६८ आणि ७५. जगातला सर्वोत्तम खेळाडू, आयुष्यातले सर्वोत्तम वर्ष, आणि शेवटच्या दिवशी पारपेक्षा तीन जास्त!

मग मी हँडिकॅप कसा काढतात ते नीट पाहिले. शेवटच्या २० फेऱ्यांतल्या फक्त ८ चांगल्या धरतात. उरलेल्या १२ मोजतच नाहीत. म्हणजे ६ हा माझा चांगला दिवस आहे, रोजचा नाही. ८२ किंवा ८४ हे माझे नेहमीचेच आकडे निघाले.

जोन्सचा आणखी एक आकडा आम्हा कॅडेट्सना ठाऊक असावा. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये पहिल्याच फेरीत क्लब गवताला लागून चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणी ते पाहिले नव्हते. पंच नको म्हणत असतानाही त्याने स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला. चार फेऱ्यांनंतर विली मॅकफार्लेनशी त्याची बरोबरी झाली आणि पुढच्या लढतीत तो एका फटक्याने हरला. तो दंड नसता, तर बरोबरी झालीच नसती.

अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने स्पर्धा सोडल्या आणि वकिली केली. ऑगस्टा नॅशनल हे मैदान उभारले, जिथे १९३४ पासून मास्टर्स स्पर्धा होते. दुसऱ्या महायुद्धात चाळिशी उलटलेली असूनही तो सैन्याच्या हवाई दलात अधिकारी झाला आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरला. १९४८ मध्ये पाठीच्या कण्याच्या आजाराने त्याचा खेळ कायमचा थांबला. पुढे चाकाच्या खुर्चीत बसावे लागले. १९७१ मध्ये तो गेला.

सेंट अँड्र्यूजला तो पुन्हा गेला होता. १९२७ मध्ये तिथेच २८५ फटक्यांत ओपन जिंकली. १९५८ मध्ये त्या गावाने त्याला मानद नागरिकत्व दिले. तिथल्या दहाव्या होलला आज त्याचे नाव आहे. १९२१ मध्ये त्याने चेंडू उचलला होता, तो त्याच्या पुढच्याच होलवर.