सीमेचा जाब विचारणारा खासदार

दोस्तांनो, औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत पॉलिटी वाचताना 'बेरुबारी खटला' तुम्हीही पाठ केला असेल. देशाचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी, असं सुप्रीम कोर्टाने १९६० मध्ये सांगितलं. याच मुद्द्यावर पुढे सरकारला कोर्टात खेचणाऱ्यांमध्ये एक मराठी खासदार होता, हे माहितेय? मधू लिमये.

१ मे १९२२ ला पुण्यात जन्म. गोवामुक्तीसाठी १९५५ मध्ये सत्याग्रह केला, पोर्तुगीजांनी बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. दीड वर्षाहून जास्त काळ ते तुरुंगात होते. १९६४ मध्ये बिहारच्या मुंगेरमधून लोकसभेत गेले. सभागृहाचे नियम त्यांना तोंडपाठ, त्यामुळे मंत्र्यांना थातुरमातुर उत्तर देऊन सुटता येत नसे.

१९६५ मध्ये कच्छच्या रणात पाकिस्तानशी चकमकी झाल्या. वाद आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला. १९६८ च्या निवाड्यात वादातला सुमारे दहावा हिस्सा पाकिस्तानला मिळाला. सरकार घटनादुरुस्ती न करताच तो अमलात आणायला निघालं. लिमयेंसह काही जण सुप्रीम कोर्टात गेले. १९६९ मध्ये हरले! कोर्ट म्हणालं, हे भूभाग देणं नाही, वादातली सीमा ठरवणं आहे.

८ जानेवारी १९९५ ला लिमये गेले. खासदारकीची पेन्शनही त्यांनी घेतली नव्हती.

२०१५ मध्ये बांगलादेशशी भूभागांची अदलाबदल झाली, तेव्हा मात्र शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली. म्हणून सीमाकराराची बातमी वाचाल, तेव्हा एवढं नक्की विचारा: हा कागद संसदेत आला का?