सिरॅक्यूजची पदवी आणि मगनवाडीचा जमाखर्च

कला शाखेच्या वार्षिकात एका वाणिज्य पदवीधराचे चरित्र कशाला, असे लेखाचा विषय सांगताच आमच्या एका मित्राने विचारले. त्याच्या प्रश्नात थोडी थट्टा होती. कॉमर्स म्हणजे रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद, आणि शेवटी एखाद्या पेढीतली खुर्ची, अशी आपली एक समजूत असते. शिवाय हल्ली परदेशी जाऊन हीच पदवी घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि त्यांच्याविषयी बोलताना फी किती, कर्ज किती आणि परत येणार की नाही, यापलीकडे आपण फारसे जात नाही. म्हणून मला जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांच्याविषयी लिहावेसे वाटले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी अमेरिकेत आपल्या बी. कॉम.च्या तोडीची पदवी घेतली, आणि पुढे वर्ध्याला मगनवाडीत बसून तेलघाणी आणि हातसडीच्या तांदळाचा हिशोब मांडला. या दोन गोष्टींमध्ये विसंगती आहे असे प्रथमदर्शनी वाटते. मलाही तसेच वाटले होते.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. घरात शिस्त होती, धार्मिक वातावरण होते, आणि इंग्रजी रीतिरिवाजांचे वजनही होते. मुलाचे नाव जोसेफ चेल्लादुरै कॉर्नेलियस. ‘कुमारप्पा’ हे घराण्याचे मूळ नाव त्यांनी पुढे, आयुष्याची दिशा बदलल्यावर, परत धारण केले. तोपर्यंत जगाच्या लेखी ते मिस्टर कॉर्नेलियसच होते, आणि त्या नावाला शोभेल असाच त्यांचा पोशाख होता.

हिशोबतपासनीसाचा धंदा शिकायचा तर त्या काळी लंडनच गाठावे लागे. आपल्याकडे वाणिज्य शिक्षणाची नुकती सुरुवात होत होती. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघाले. साधारण त्याच सुमारास तरुण कॉर्नेलियस लंडनला गेले. तेथे त्यांनी इन्कॉर्पोरेटेड अकाउंटंटची पात्रता मिळवली आणि काही काळ तेथेच काम केले. पहिले महायुद्ध त्यांनी लंडनमधूनच पाहिले. १९१९ साली आईच्या आग्रहावरून ते परतले आणि मुंबईत स्थिरावले. ‘कॉर्नेलियस अँड डावर’ ही हिशोब तपासणारी पेढी उभी राहिली. धंदा चांगला चालला होता. सामान्य माणसाचे चरित्र येथे सुखाने संपले असते.

१९२७ साली ते अमेरिकेला गेले. हातात काम नसताना नुसते बसून राहणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठात नाव घातले, आणि १९२८ मध्ये व्यवसाय प्रशासनातील बी. एस्सी. पदवी मिळवली. नावात ‘सायन्स’ असले तरी तिचा विषय आपल्या वाणिज्य शाखेचाच.

येथे थोडे थांबले पाहिजे. आज परदेशी विद्यार्थी म्हटले की व्हिसा, शिष्यवृत्ती आणि अर्धवेळ नोकरी असे शब्द डोळ्यांसमोर येतात. त्या वेळची स्थिती निराळी होती. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणसाला नागरिकत्व घेता येणार नाही असा निर्णय दिला होता. पाठोपाठ १९२४ च्या कायद्याने, ज्यांना नागरिक होता येत नाही अशा आशियाई लोकांना तेथे वस्तीसाठी येण्याचीच बंदी केली. विद्यार्थ्यांसाठी मात्र दार किलकिले ठेवलेले होते. शिकायला या, शिकून झाले की परत जा, असा त्याचा अर्थ. म्हणजे वर्गात बाकावर बसण्याचा अधिकार होता, देशात राहण्याचा नव्हता. अशा देशात, ज्याची मुंबईत स्वतःची पेढी आहे असा पस्तिशी उलटलेला गृहस्थ विशीतल्या मुलांच्या शेजारी बसून धंद्याचे शास्त्र शिकत होता. त्यांना ते कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे एकदा धंद्यात नाव झाले की पुन्हा वही-पेन घेऊन वर्गात बसायला माणूस लाजतो.

सिरॅक्यूज हे हिमवर्षावासाठी प्रसिद्ध असलेले गाव. त्याची आणखी एक ओळख आहे. तेथील ओनोंडागा सरोवराच्या काठच्या खाऱ्या झऱ्यांपासून एकोणिसाव्या शतकात प्रचंड प्रमाणावर मीठ तयार होई, म्हणून त्याला मिठाचे शहर म्हणत. त्या मिठाच्या शहरातून पदवी घेऊन निघालेला माणूस दोनच वर्षांनी मिठाच्या सत्याग्रहात ओढला गेला. हा निव्वळ योगायोग, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

पदवीनंतर ते न्यूयॉर्क शहरातील कोलंबिया विद्यापीठात एम. ए.साठी गेले. विषय होता सार्वजनिक आयव्यय, म्हणजे सरकारचा जमाखर्च. मार्गदर्शक होते प्राध्यापक एडविन सेलिग्मन. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही कोलंबियाला सेलिग्मन यांचेच विद्यार्थी होते, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील बाबासाहेबांच्या १९२५ च्या ग्रंथाला याच गुरूंची प्रस्तावना आहे. परदेशी विद्यार्थी म्हणून गेलेल्या दोन हिंदी माणसांनी एकाच गुरूच्या हाताखाली सरकारच्या तिजोरीची तपासणी शिकावी, ही आपल्या अर्थविचाराच्या इतिहासातली मोठी घटना आहे. पुढे दोघांच्या वाटा फार वेगळ्या झाल्या. खेड्याविषयीची त्यांची मते तर अगदी दोन टोकांची. तरी पाया एकच होता.

कुमारप्पांच्या बाबतीत कलाटणी एका व्याख्यानाने दिली. अमेरिकेतील एका चर्चमध्ये त्यांनी हिंदुस्थान गरीब का, या विषयावर भाषण केले. त्याची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आली आणि ती सेलिग्मन यांच्या वाचनात आली. त्यांनी सुचवले की, हाच प्रश्न घ्या आणि सरकारी जमाखर्चाच्या अंगाने त्याचा अभ्यास करा. तोवर कॉर्नेलियससाहेबांना ब्रिटिश राज्याविषयी फारशी तक्रार नव्हती. इंग्रजी राहणी, इंग्रजी शिक्षण, इंग्रजी अशिलांचे हिशोब, यांत तक्रारीला जागा कुठली? पण आकडे समोर आले. कर कोणाकडून घेतला जातो आणि तो खर्च कोणासाठी होतो, हे दोन रकाने त्यांनी शेजारी शेजारी मांडले. घेतला जात होता शेतकऱ्याकडून. जात होता लष्कराकडे, कर्जाच्या व्याजाकडे आणि साहेबांच्या पगाराकडे. ज्याने भरले त्याच्याकडे परत जवळजवळ काहीच येत नव्हते. पेढीत बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाने पहिल्यांदा आपल्याच देशाची वही उघडून पाहिली. त्यांचे मतपरिवर्तन कोणाच्या भाषणाने झाले नाही, ते स्वतःच्या हिशोबाने झाले.

१९२९ साली ते मुंबईला परतले ते हा प्रबंध घेऊन. तो छापावा या विचाराने ९ मे १९२९ रोजी ते साबरमतीला गांधीजींच्या भेटीला गेले. ही भेट त्यांच्या चरित्रकारांनी आवडीने वर्णिली आहे. कॉर्नेलियससाहेब रेशमी सुटात, हातात काठी घेऊन आश्रमात हिंडत होते. एका झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसला होता. त्यांनी काठीवर भार देऊन काही वेळ ते पाहिले. म्हाताऱ्याने तुम्हीच का कुमारप्पा असे विचारले, तेव्हा हेच गांधी हे त्यांच्या ध्यानात आले. ते तसेच त्या सुटानिशी जमिनीवर बसले. कोणीतरी धावत खुर्ची आणली. ती त्यांनी नाकारली.

गांधीजींनी प्रबंध ‘यंग इंडिया’तून क्रमशः छापायचे ठरवले आणि त्याच भेटीत गुजरातेतील खेड्यांची आर्थिक पाहणी कराल का, अशी विचारणा केली. गुजराती येत नाही ही अडचण कुमारप्पांनी सांगितली. तिच्यावर गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी सोबतीला देण्याचा तोडगा निघाला. अशा रीतीने खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्यातल्या ५४ गावांची पाहणी झाली. कोलंबियात सरकारी अहवालांवरून काढलेले अनुमान त्यांनी येथे शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून पडताळले. विद्यार्थी घरोघर जात, जमीन किती, पीक किती, कर्ज किती, बैल किती हे टिपून घेत. पाहणी चालू असतानाच १९३० सालचा मार्च उजाडला आणि गांधीजी दांडीच्या वाटेला लागले. ‘यंग इंडिया’च्या संपादनाची जबाबदारी कुमारप्पांवर येऊन पडली, आणि मग ओघानेच तुरुंगही आला.

१९३१ साली काँग्रेसने इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यामधील देण्याघेण्याची छाननी करण्यासाठी एक समिती नेमली. भुलाभाई देसाई आणि प्रा. के. टी. शहा यांच्याबरोबर कुमारप्पा तिच्यात होते. सरकारने हिंदुस्थानच्या नावावर मांडलेले कर्ज खरोखर हिंदुस्थानचे किती, हा प्रश्न. ईस्ट इंडिया कंपनीचे भांडवल फेडण्याचा बोजा कोणावर टाकला? देशाबाहेरच्या लढायांचा खर्च कोणाच्या खात्यावर? १९१७ मध्ये युद्धासाठी ‘देणगी’ म्हणून दिलेले दहा कोटी पौंड कोणाला विचारून दिले? या चौकशीत घोषणा देणारा उपयोगाचा नव्हता. तेथे नोंद चुकीच्या खात्यावर टाकलेली ओळखणारी नजर हवी होती, आणि ती लंडन-सिरॅक्यूज-कोलंबियात तयार झालेली होती.

त्यांच्या हिशोबीपणाची खरी कसोटी मात्र १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर लागली. राजेंद्रप्रसादांच्या मदत समितीचा पैसा त्यांच्या हाती होता. स्वयंसेवकांच्या जेवणासाठी त्यांनी दिवसाला तीन आणे बांधून दिले. गांधीजी आपल्या मंडळींसह पाहणीला आले, तेव्हा कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना कळवले की, या मंडळींचा खाण्याचा आणि मोटारीच्या पेट्रोलचा खर्च मदतनिधीतून होणार नाही. महादेवभाईंनी ते बापूंच्या कानी घातले. खुलासा झाला: निधी भूकंपग्रस्तांचा आहे, पाहुण्यांचा नव्हे. गांधीजींना ते पटले. हा प्रसंग सांगताना अनेक जण गांधीजींचे मोठेपण सांगतात, आणि ते खरेच आहे. पण मला कुमारप्पांचे नवल वाटते. ज्याच्या शब्दाखातर पेढी सोडली, त्याच्याच नावावर खर्च टाकायला नकार देणे सोपे नसते.

त्याच वर्षी डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कुमारप्पा चिटणीस झाले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनलाल गांधींच्या नावाच्या मगनवाडीत, संघाचा कारभार सुरू झाला. पुढे धाकटे भाऊ भारतन हेही येऊन मिळाले. बैलघाणी, हातकागद, मधमाशापालन, साबण, वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’, अशा एकेका वस्तूवर तेथे प्रयोग चालत. १९३८ च्या अखेरीस गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. आमच्या शैक्षणिक सहलीत ते पाहण्याचा योग आला, तेव्हा निम्मी मुले बाहेर फोटो काढत होती, मीही त्यांतलाच. जे पाहिले त्यामागचा हिशोब नंतर वाचनात आला. गिरणीत तांदूळ सडला की कोंडा जातो, कोंड्याबरोबर जीवनसत्त्व जाते, आणि सडणाऱ्या बाईची मजुरीही जाते. तेल गिरणीत काढले की पेंड गावाबाहेर जाते, मग गावचे बैल काय खाणार? गिरणीचा ताळेबंद नफा दाखवतो, कारण या तीनचार नोंदी तो करतच नाही. कुमारप्पांचे सगळे ग्रामोद्योगाचे अर्थशास्त्र या न केलेल्या नोंदी करण्यात आहे.

आपल्या विदर्भाशी त्यांचा आणखी एक संबंध आहे. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते, आणि १९३९ साली तिचा अहवाल निघू लागला. खेड्यांमध्ये प्रत्यक्ष जाऊन केलेली ती मोठी पाहणी होती. पंडित नेहरूंच्या राष्ट्रीय नियोजन समितीत मात्र त्यांचे जमले नाही. ते बाहेर पडले. स्वभाव तडक होता, तडजोड ठाऊक नव्हती. मोठ्या यंत्रांविषयीचा त्यांचा अविश्वास मला काही ठिकाणी अतिरेकी वाटतो. कोट्यवधी लोकांना वीज, पोलाद, खत लागते, आणि ते घाणीवर निघत नाही. तरीही खर्चाचा कोणता रकाना लपवला आहे हा त्यांचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही.

बेचाळीसच्या लढ्यात ते पुन्हा तुरुंगात गेले. युद्धकाळात इंग्रज सरकार कागदी नोटांच्या मोबदल्यात देशातला माल उचलते आहे, या विषयावरचे त्यांचे लिखाण सरकारला झोंबले होते. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली, एक येशूच्या शिकवणुकीवर आणि दुसरे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’. दुसऱ्यात त्यांनी निसर्गातले दाखले घेऊन अर्थव्यवहाराचे प्रकार पाडले: आयते लुटणारे माकड, घरटे बांधणारा पक्षी, थव्यासाठी मध साठवणारी माशी, आणि मोबदला न मागणारी आई. हिशोबाचे पुस्तक आईपर्यंत येऊन थांबते, हे वाचताना मी चकित झालो. दोन्ही पुस्तके वाचून गांधीजींनी त्यांना थट्टेने दोन पदव्या बहाल केल्या, एक धर्मशास्त्राच्या डॉक्टरची, दुसरी ग्रामोद्योगाच्या डॉक्टरची.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या शेतीसुधार समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९४९ साली तिचा अहवाल निघाला. जमीनदारीचे उच्चाटन आणि जमीनधारणेवर कमाल मर्यादा या शिफारशी त्यात होत्या. पण दिल्लीचे वारे मोठ्या धरणांच्या आणि कारखान्यांच्या दिशेने वाहत होते. रक्तदाबाने प्रकृती ढासळली तेव्हा ते मदुरैजवळच्या कल्लुपट्टीच्या गांधी निकेतन आश्रमात जाऊन राहिले. तेथेही लेखन चालूच होते. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचे निधन झाले. तेरा वर्षांनी ई. एफ. शूमाखर यांचे ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ प्रसिद्ध झाले. त्यात कुमारप्पांचा उतारा घेतलेला पाहून पश्चिमेकडच्या कित्येक अर्थशास्त्रज्ञांनी हे नाव प्रथमच वाचले असेल.