निवडणुकीत पडलेले लिंकन

अब्राहम लिंकन यांनी हेडमास्तरांना लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले पत्र आपल्या सोसायटीत निदान दोन-तीन घरांत तरी फ्रेम करून लावलेले आहे. आमच्याकडेही आहे. ते लिंकननीच लिहिले याला पुरावा नाही, हे मला निवृत्तीनंतर वाचनात कळले. तरी फ्रेम काढली नाही. हार कशी पचवावी हे सांगण्याचा अधिकार या माणसाला नक्कीच होता.

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात, ओंडक्यांच्या झोपडीत त्यांचा जन्म झाला. सगळी मिळून शाळा वर्षभरही झाली नाही. १८३२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते इलिनॉय राज्याच्या विधिमंडळासाठी उभे राहिले आणि पडले. तेरा उमेदवारांत आठवा नंबर! पण ते राहत होते त्या न्यू सेलममधील ३०० पैकी २७७ मते त्यांना होती. म्हणजे ओळखणाऱ्यांनी निवडले होते. बाकीच्यांना ते ठाऊकच नव्हते. दोन वर्षांनी ते निवडून आले.

दरम्यान भागीदारीतले दुकान बुडाले, भागीदारही वारला. लिंकननी त्याच्या वाट्याचे कर्जसुद्धा डोक्यावर घेतले आणि कित्येक वर्षे फेडत राहिले. आम्हा बँकवाल्यांना असा कर्जदार क्वचितच भेटतो.

पुढे वकिली केली, एकदा काँग्रेसमध्ये जाऊन आले. १८५५ मध्ये सिनेटची जागा हुकली. मग आले १८५८. समोर स्टीफन डग्लस, देशभर गाजलेले सिनेटर. प्रश्न एकच : नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची का? काळ्या लोकांना सर्व बाबतींत समान हक्क द्यावेत असे लिंकन तेव्हा म्हणत नव्हते, हे खरे. पण गुलामगिरी हा अन्याय आहे यावर ते ठाम होते. सात गावांत सात जाहीर वादविवाद झाले, प्रत्येकी तीन तासांचे. वार्ताहर लघुलिपीत शब्दन् शब्द टिपून घेत आणि तो दूरदूरच्या वर्तमानपत्रांत छापून येई.

त्या काळी सिनेटर निवडत ते राज्याचे आमदार, आपल्या राज्यसभेसारखे. लिंकन यांच्या पक्षाला लोकांची मते जास्त पडली, पण आमदार डग्लस यांचे जास्त आले. लिंकन ५४ विरुद्ध ४६ असे हरले. निकाल कळला त्या पावसाळी रात्री घरी जाताना निसरड्या वाटेवर त्यांचा पाय घसरला, पण त्यांनी तोल सावरला. आपण घसरलो, पडलो नाही, असे तेव्हा मनाशी म्हटल्याचे त्यांनी पुढे सांगितले. आपल्या मराठीत तर निवडणूक हरण्याला पडणेच म्हणतात!

आता आपले नाव कोणी काढणार नाही असे त्यांना वाटत होते. तरीही त्यांनी एक काम केले. वादविवादांची वर्तमानपत्री कात्रणे जमवून वहीत चिकटवली. १८६० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि हजारोंनी खपले. इलिनॉयचा वकील देशाला माहीत झाला. शिवाय एका वादविवादात लिंकन यांच्या प्रश्नाला डग्लसनी दिलेले उत्तर दक्षिणेकडच्या लोकांना झोंबले. पुढे डग्लस यांचा पक्ष फुटला आणि नोव्हेंबर १८६० मध्ये, जेमतेम चाळीस टक्के मतांवर, लिंकन राष्ट्राध्यक्ष झाले. हरलेल्यांत डग्लसही होते.

पुढचे आपण शाळेत शिकलो आहोत : यादवी युद्ध, १८६३ ची गुलाममुक्तीची घोषणा, एप्रिल १८६५ मधला खून. त्याच वर्षी अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्या कामासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांनाच अर्पण केले.

माझ्यापुरते सांगतो. नोकरीत दोनदा प्रमोशन हुकले. दोन्ही वेळा रागाच्या भरात तयारीच्या वह्या मी रद्दीत घातल्या. तिसऱ्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. हरल्याने कोणी मोठा होत नाही. लिंकन मोठे झाले ते हरताना जे बोलले ते टिकण्यासारखे होते आणि त्यांनी ते जपून ठेवले म्हणून.

म्हणून सोसायटीतल्या परीक्षार्थी मुलांना या रौप्यमहोत्सवी वर्षात आजोबांचे एवढेच सांगणे : निकाल काहीही लागो, वही टाकू नका.