बहिणाबाई चौधरी

बहिणाबाई नथूजी चौधरी (इ.स. १८८०, असोदे, जळगाव – ३ डिसेंबर १९५१, जळगाव) या मराठी कवयित्री होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात व घरात काम करताना सुचलेली गाणी त्या तोंडानेच रचत व गात असत.

असोद्याच्या महाजन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव उखाजी व आईचे भिमाई. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या निधनाने तरुण वयातच वैधव्य आले आणि काशी, ओंकार व सोपानदेव या मुलांचा भार एकटीवर पडला. त्यातच ओंकारला प्लेगमुळे अपंगत्व आले. या दुःखांचे पडसाद त्यांच्या गाण्यांत उमटतात. मात्र रडगाण्याचा सूर क्वचितच लागतो, विनोद व मिश्कीलपणाच अधिक आढळतो.

त्यांची भाषा खानदेशातील लेवा गणबोली. जाते, चूल, मोट, पेरणी, मळणी, सुगरणीचे घरटे, आखाजी व पोळा यांसारखे सण, गावातली माणसे हे त्यांचे विषय होत. नवा शब्द घडवण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. सोपानदेवांनी शाळेच्या पुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा त्यांना वाचून दाखवली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या कथेचे गाणे तयार होते. सोपानदेवांनी ते वहीत उतरवून घेतले. पुढे सोपानदेव, जे स्वतःही कवी होते, आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तशी गाणी टिपून ठेवली. जी टिपली गेली नाहीत, ती बहिणाबाईंबरोबरच लोपली.

त्यांच्या निधनानंतर सोपानदेवांनी हे हस्तलिखित आचार्य अत्रे यांना दाखवले. अत्र्यांनी त्याचे मोल तत्काळ ओळखले व त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह १९५२ साली प्रसिद्ध झाला. आपले पुस्तक छापलेले पाहणे कवयित्रीच्या नशिबी नव्हते. त्यांची काही गाणी ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचली, तर पाठ्यपुस्तकांतून ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जात आहेत. २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला, अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीचे नाव देण्यात आले.