डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि न थांबणारी फिट

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस बहुतेकांना नावाने ठाऊक असतात. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, सोलापुरात त्यांचे स्मारक आहे. पण त्यांचा मृत्यू अपस्माराने, म्हणजे फिट्सच्या आजाराने झाला, हे फार कमी जणांना माहीत असते.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि सर्वांत तरुणांपैकी एक कोटणीस होते. तिथे असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. पुढे बाकीचे चौघे मायदेशी परतले, कोटणीस मात्र कधीच परतले नाहीत. एकदा सलग ७२ तास ते शस्त्रक्रिया करत होते, असे सांगतात. १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी तिथल्या परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, यिनहुआ.

त्या काळात त्यांना फिट्स येत होत्या. तरीही शस्त्रक्रिया, शिकवणे आणि पाठ्यपुस्तकाचे लेखन चालूच होते. डिसेंबरात एकामागून एक झटके आले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय ३२. मूल साडेतीन महिन्यांचे.

पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली फिट, किंवा मध्ये शुद्ध न येता लागोपाठ येणाऱ्या फिट्स, ही आजही जिवावरची वेळ असते. फरक पडला तो औषधांनी आणि व्हेंटिलेटरने. हवा दाबाने फुप्फुसात भरून रुग्ण जगवण्याची पद्धत १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीनंतर रुळली, म्हणजे कोटणीस गेल्यावर दहा वर्षांनी.

फिटच्या रुग्णाला व्हेंटिलेटर कशासाठी, असे नातेवाईक घाबरून विचारतात. साध्या औषधांनी झटके थांबले नाहीत तर भूल देण्याची औषधे सलाइनमधून द्यावी लागतात. मेंदू शांत होतो, पण श्वासही मंदावतो. तो श्वास तेवढे दिवस मशीन घेते. घशातली नळी उलटी आणि लाळ बऱ्याच अंशी फुप्फुसात जाऊ देत नाही.

नळी घालण्याआधीच उलटी आत गेली असेल तर फुप्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी भरू शकते. डॉक्टर याला एआरडीएस म्हणतात. अशा फुप्फुसाचा थोडाच भाग हवा घेऊ शकतो, म्हणून मोठे श्वास दिले तर तो भागही ताणून जखमी होतो. २००० साली अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात लहान श्वास दिलेल्या गटात मृत्यू सुमारे ४० वरून ३१ टक्क्यांवर आले. हे माप उंचीवरून काढतात, वजनकाट्यावरून नाही, कारण माणूस लठ्ठ झाला म्हणून फुप्फुस मोठे होत नाही. पाच फूट पाच इंच उंचीच्या पुरुषाला एका श्वासात साधारण ३७० मिली हवा देतात. श्वास सोडल्यावरही थोडा दाब ठेवतात. गंभीर रुग्णाला रोज सोळा-सोळा तास पालथे झोपवतात. तसे पाहिलेत तर घाबरू नका.

घरी फिट आली तर घड्याळ बघा. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, पाणी पाजू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.